काहिलीत उभे राहू नये

माझ्या बुडाला तीन भोके पडली आहेत आणि चार कड्यांपैकी एक कुणीतरी उपटून नेली आहे. तरी मला भंगार म्हणू नका, मित्रांनो. मी गुळाची काहील आहे, जुनी आणि जरा तापट. काहील म्हणजे उसाचा रस कढवायची मोठी, सपाट बुडाची लोखंडी कढई. माझ्यात तुमच्यासारखी सात-आठ मुले सहज मांडी घालून बसतील. बसतील म्हणाले मी, उभी राहतील असे म्हणाले नाही. तेवढे लक्षात ठेवा, म्हणजे पुढची हकिगत कळायला सोपी जाईल.

माझा जन्म वैरागचा. तिथल्या लोहाराने जाड पत्रे ठोकून, रिबिटा मारून मला घडवले. त्याच्या घणाचे घाव अजून माझ्या पाठीवर आहेत. वीरभद्रप्पा नावाच्या बागाईतदाराने मला विकत घेतले आणि बैलगाडीत पालथी घालून आपल्या गावी आणले. गाव सीना नदीच्या अलीकडच्या काठावर, सोलापूरच्या दक्षिणेला. पलीकडच्या काठावरून वाट मंद्रूपच्या बाजाराला जाते. गाडीच्या चाकाला नारळ फोडला, मला हळदकुंकू लावले आणि चुलवणावर, म्हणजे गुऱ्हाळाच्या मोठ्या चुलीवर, चढवले. तिथून पुढे वीस वर्षे मी दर हिवाळ्यात तापत होते.

माझा गुळव्या कुंडलिक. गूळ करणारे दुसरे लोक रस पिकला की नाही हे पाण्यात गोळी टाकून बघत. कुंडलिक नुसता कान द्यायचा. बुडबुड्यांचा आवाज जड झाला की म्हणायचा, "उतरा रं आता, आली ती." आणि चार माणसे कड्यांत बांबू घालून मला उतरवत. त्याचा अंदाज कधी चुकला नाही. त्याच्या हातच्या ढेपा बघून व्यापारी मान डोलवत, आणि मला वाटे, अर्धी शाबासकी माझी आहे. पण चुलवणाच्या धुराने त्याचे डोळे रोज थोडे थोडे खाल्ले. ते माझ्यासमोर होत होते आणि मला कळले नाही.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. विहिरी आटल्या, ऊस उभ्या उभ्या जळाला, चुलवणात कुत्री झोपू लागली. वीरभद्रप्पांनी गुऱ्हाळाचा चरक मोडीत काढला. मला मोडायला मात्र त्यांचा हात होईना. कुंडलिकला बोलावून ते म्हणाले, "ही तू घिऊन जा. म्या नुसती इकत आनली. तापीवली तूच."

पुढच्या वर्षी नदीला पाणी आले आणि कुंडलिकने मला नदीत सोडले. हसू नका. आमच्याकडे काहिलीतून नदी उतरायची जुनी रीत आहे. लोखंड बुडते असे तुम्हाला शाळेत शिकवले असेल, पण पसरट काहील तरंगते, आणि चांगली तरंगते. फक्त माझ्यात बसावे लागते. माणसांनी मधोमध मांडी घालायची, वल्हवणाऱ्याने काठाशी बसून आखूड वल्ह्याने पाणी ओढायचे. मी गोल असल्यामुळे जरा गिरक्या घेते, त्याला घाबरायचे नाही आणि उठायचे तर मुळीच नाही. माणूस उभा राहिला की त्याचे सगळे ओझे माझ्या एका बाजूला जाते. मग मी काय करणार?

कुंडलिकजवळ दुसरे वाहनही होते, एक तराफा. दुष्काळी कामाच्या रस्त्यावर डांबराची चार रिकामी पिंपे पडली होती, त्यांच्यावर बांबूची ताटी बांधून त्याने तो केला होता. तराफ्यावर उभेच राहायचे. बसले तर फटीतून पाणी वर येऊन धोतर भिजते. लांब बांबू नदीच्या तळाला टेकवून तो पुढे रेटायचा. तराफा मला कधी आवडला नाही. डांबराचा वास मारायचा आणि चार थेंब उडाले की मोठा आव आणायचा.

नवशिक्याने आधी काय शिकावे, काहिलीत बसायला की तराफ्यावर उभे राहायला, यावर पारावर तास तास वाद चाले. ज्यांनी उभ्या जन्मात गुडघ्याच्या वर पाणी पाहिले नव्हते, त्यांची मते जास्त पक्की होती. कुंडलिक मात्र एकच सांगे, "आदी काहिलीत बसावं. बसल्याला पानी फेकत न्हाय. पानी अंगात मुरलं की मग खुशाल हुबं ऱ्हावं."

कुंडलिकच्या घरात आता दोनच माणसे होती, तो आणि त्याची सून मुक्ताबाई. मुलगा धोंडीराम सोलापूरच्या गिरणीत लागला, शुक्रवार पेठेत खोली करून राहिला आणि हळूहळू गावाला विसरला. दोन दिवाळ्या आला नाही. मग कुणीतरी येऊन सांगितले की त्याने तिकडे दुसरे घर मांडले आहे. मुक्ताबाई तेव्हा भाकरी थापत होती. तिने ऐकून घेतले आणि ती भाकरी पुरी करून तव्यावर टाकली. माहेरी भाऊ होता, पण त्याने आधीच हात वर केले होते. उरला तो नदीचा उतार, म्हणजे लोकांना पलीकडे नेण्याचे काम. दोन्ही काठांचे लोक सुगीला ज्वारी घालत, त्यावर या दोन जिवांची चूल पेटत होती.

आणि कुंडलिकचे डोळे जात होते. आधी त्याला पलीकडचा काठ दिसेनासा झाला, मग वल्ह्याचे टोक. उतार हातचा गेला तर सून कुठे जाणार, या काळजीने त्याला झोप लागत नसे. शेवटी त्याने ठरवले, मुक्ताबाईला शिकवायचे.

पहिला दिवस मला लख्ख आठवतो. मी काठालगतच्या उथळ पाण्यात होते. कुंडलिक माझ्यात बसला. मुक्ताबाई पदर खोचून आत आली आणि वल्हे घेऊन त्याच्या बाजूला बसली. बरोबरच बसली होती, अगदी जिथे बसायला हवे तिथे. काठावर बाजाराला निघालेल्या बाया होत्या, त्यांत नागव्वा. नागव्वा मिरच्या विकणारी म्हातारी, जिभेने तिच्या मालाहून तिखट आणि मनाने लोणी. ती ओरडली, "अय्यो यव्वा! मांडीला मांडी लावून बसली की गं सासऱ्याच्या! आता पानाचा डबा तेवडा आना!"

सगळा काठ हसला. त्यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता, मी शपथेवर सांगते. पण त्या काळी आमच्या भागात सून सासऱ्यासमोर बसत नसे. जेवायला वाढताना उभी, बोलताना दाराआड उभी. मुक्ताबाईचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. ती झटकन उठली, मी डुचमळले, कुंडलिकने दोन्ही हातांनी माझा काठ धरला. मुक्ताबाई पाण्यात उतरून तशीच ओल्या लुगड्याने घरी गेली.

दुसऱ्या दिवशी ती आली आणि म्हणाली, "मामंजी, मला तराफाच शिकवा."

"आगं, आदी काहील शिकावी."

"न्हाय. तराफाच."

का, ते त्याने विचारले नाही. त्याला ठाऊक होते, मलाही ठाऊक होते. तराफ्यावर सगळ्यांनी उभेच राहायचे असते, तिथे मर्यादा मोडत नाही.

अवघडातून सुरुवात केली बाईने. किती वेळा पाण्यात पडली, ते मोजायचे मी सोडून दिले. गुडघे फुटले, तळहाताला फोड आले. कुंडलिक काठावरून आवाज देई, "बांबू लांब टाकू नगंस! पायात पाय घालू नगंस!" आणि ती परत चढे. दिवाळी सरता सरता मुक्ताबाई तराफ्यावर अशी उभी राहू लागली की पारावरच्या पंडितांची तोंडे बंद झाली. बाजारकऱ्यांना ती बिनचूक पलीकडे पोचवी. लोक म्हणत, धोंडीराम करंटा. मी काठाला पालथी पडून हे सारे ऐकायचे. तराफ्याचा मला फार हेवा वाटायचा, खोटे कशाला बोलू?

पण एका दुपारी ती माझ्याकडे आली. काठावर चिटपाखरू नव्हते. कुंडलिक बाभळीखाली आडवा झाला होता. तिने मला उलटी केली, पाण्यात लोटली आणि माझ्यात बसली. इकडे तिकडे पाहिले आणि चोरून गूळ खाणाऱ्या मुलीसारखी हसली. मग वल्हे मारू लागली. मी गिरक्या घेतल्या, ती घाबरली नाही. चार-पाच दुपारी अशाच गेल्या. तेवढे दिवस माझ्या आयुष्यात गुऱ्हाळानंतर सुखाचे म्हणून आले.

कुंडलिक झोपलेला नसायचा. बुडबुड्यांवरून गूळ ओळखणारा माणूस तो, वल्ह्याच्या आवाजावरून त्याला सगळे कळत होते. तो डोळे मिटून हसत पडे. एकदा नागव्वा त्याच्या शेजारी टेकली आणि तीही बघत राहिली.

"कुंडलिकअण्णा, येतं की वो तिला," ती हळूच म्हणाली. "पर तुमी संगं आसल्यावर बसायची न्हाय ती. त्या दिशी माझं तोंड वाजलं, लई वाईट झालं. तुमीच म्हना की तिला, खाली बस म्हून. दुसऱ्याच्या बोलण्यानं ती बसायची न्हाय."

"म्हनीन की."

"कवा?"

त्याने नदीकडे पाठ फिरवली. "ल्योक टाकून गेलेला, नागव्वा. अन् म्हातारा सुनंला शेजारी बसीवतो म्हनल्यावर लोकं काय म्हनतील? माझं काय न्हाय. तिलाच बोलतील."

नागव्वाने मान खाली घातली. मला त्या म्हाताऱ्याचा राग आला, मित्रांनो, अजूनही येतो. दोन शब्द तर बोलायचे होते, त्याला काही वल्हे मारावे लागणार नव्हते. पण तो मनात म्हणाला असेल, शिकली आहे, वेळ आली की बसेल. आज न उद्या सांगू.

पंचाहत्तरच्या भाद्रपदात सीनेला मोठे पाणी आले. गढूळ, जोरकस, काठोकाठ. तराफ्याचा बांबू तळाला टेकेना. जो तळ रेटायचा तोच नाही म्हटल्यावर तराफ्याची ऐट संपली. दोन दिवस उतार बंद राहिला. पलीकडच्या काठावरच्या दोघा भावांनी लगेच सरपंचांकडे बोलणे लावले, उतार आम्हाला द्या म्हणून.

सरपंच सिद्रामप्पा मनाचे सरळ होते. ते कुंडलिकच्या दारी आले. "कुंडलिक, तुजे डोळे गेले. बांबू टेकतोय तवर तुजी सून नेती, ते समद्यांनी बगितलं. पर पूर आला की गावानं काय करायचं? उद्या सकाळी एकडाव पुरातनं काहील पल्याड नेऊन दावू दे तिला. उतार तिच्या नावावर. मग कुनी आलं तरी मी ऐकून घेनार न्हाय."

दाराआड उभी असलेली मुक्ताबाई म्हणाली, "नेते."

सकाळी सगळा गाव काठावर लोटला. पुरात माझ्यात वजनाला दोन माणसे तरी हवीत, नाहीतर मी पाण्यावर भिरभिरते. कुंडलिक पुढे आला. "मी बसतो. माजा भरवसा हाय तिच्यावर." दुसरे कुणी पाय उचलेना. जो तो शेजाऱ्याकडे बघू लागला. तेव्हा नागव्वा मिरच्यांची पाटी काखेत घेऊन निघाली. "चला, बाजार बी हुईल," ती म्हणाली आणि माझ्यात येऊन मांडी घालून बसली.

मुक्ताबाईने मला लोटले, वर चढली आणि वल्हे घेतले. आणि बसली नाही. कंबरेत वाकून, पाय फाकवून उभी राहिली, तराफ्यावर राहायची तशी. पायाशी सासरा बसलेला आणि काठावर अख्खा गाव डोळे लावून. चार-पाच दुपारी जिथे ती मांडी घालून हसली होती, तिथे तिच्या टाचा टेकल्या होत्या.

"अगं यव्वा, बस की गं," नागव्वा कुजबुजली. "मी गमतीनं बोलले हुते. बस."

मुक्ताबाईने कुंडलिककडे पाहिले. मी तो चेहरा खालून बघत होते. ती वाट बघत होती, दुसरे काही नाही. कुंडलिकचा तळहात माझ्या पत्र्यावर होता. माझा तोल कुठे जातो आहे ते जसे मला कळत होते, तसे त्यालाही कळत होते. त्याने तोंड उघडले. मग त्याने मान काठाकडे वळवली. त्याला तिथे कुणी दिसत नव्हते, पण माणसांचा गलका ऐकू येत होता. त्याने तोंड मिटले. जरा पुढे गेलो, काठ लांब पडला की सांगू, असे त्याच्या मनात होते. हे पुढे त्याने स्वतःच सांगितले, एकदा नाही, शंभर वेळा.

मधल्या धारेत वाहून आलेले बाभळीचे एक खोड मला लागले. फार मोठे नव्हते. बसलेल्या माणसांना नुसता हिसका बसला असता आणि मी एक गिरकी घेऊन पुढे गेले असते. पण मुक्ताबाई झोक जाऊन माझ्या एका काठावर आली.

"मुक्ते, खाली बस!"

केवढा मोठा आवाज तो! दोन्ही काठांनी ऐकला. पण तोवर पाणी आत शिरले होते.

मी पालथी झाले. पोटात थोडी हवा धरून राहिले, तेवढेच माझ्या हातात होते. मुक्ताबाईने एका हाताने माझी कडी धरली, दुसऱ्या हाताने सासऱ्याचे मनगट. वळणावर लोकांनी दोर टाकून दोघांना, आणि त्यांच्याबरोबर मला, ओढले. नागव्वा सापडली नाही. तिच्या लाल मिरच्या तेवढ्या पाण्यावरून खूप लांबपर्यंत जाताना दिसल्या. तिसऱ्या दिवशी तिला खालच्या गावच्या लोकांनी काढले.

उतार पलीकडच्या भावांकडे गेला. सिद्रामप्पा पुन्हा दारात आले नाहीत, त्यांनाही तोंड दाखवायला कसेसे झाले असावे. लोक म्हणाले, हे बाईमाणसाचे काम नव्हे. तिला उभे राहायला कुणी भाग पाडले, हे कुणीच बोलले नाही. उलट नदीवर धुणे धुणाऱ्या बायांनी तिची तारीफ केली. मी काठालाच पडले होते, मी ऐकले. "जीव जायची येळ आली तरी सासऱ्याम्होरं बसली न्हाय बगा. सून आसावी तर आशी." मुक्ताबाई शेजारच्या दगडावर धुणे आपटत होती. ती थांबली नाही. धुणे पिळून, डोक्यावर घेऊन निघून गेली. पुन्हा ती त्या घाटावर आली नाही.

मला बैलगाडीतून कुंडलिकच्या अंगणात आणले. एक वर्ष माझ्यात भिंतीचा चिखल कालवला. मग शेळ्यांचे पाणी ठेवले. गंज चढत गेला, एक भोक पडले, मग दुसरे, मग शेळ्यांनाही माझा उपयोग राहिला नाही. आज एकोणऐंशी साल आहे. सरकारी माणसे पुलासाठी नदीत खुंट्या ठोकून गेली आहेत. पूल झाला की काहिलीतून नदी उतरत होते, हेही कुणाला खरे वाटणार नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू शेवटी सांगतात की आम्हाला घासा, पुसा, सावलीत ठेवा. मी तसे काही मागत नाही. माझी भोके बुजवून आता काय होणार? बैल गेला आणि झोपा केला, तसे ते होईल. पण तुमच्या घरात कुणी उभे असेल, वाढताना, ऐकताना, तुमच्या तोंडाकडे बघत, तर त्याला बस म्हणा. काठ लांब पडायची वाट बघू नका. हे मी तुम्हाला सांगते आहे, कारण ज्याला सांगायला हवे होते त्याला मला सांगता आले नाही, आणि आता सांगून काही बदलत नाही.

ती बघा, मुक्ताबाई रानातून आली. दिवसभर दुसऱ्याच्या शेतात खुरपून तिची पाठ वाकली आहे. कुंडलिकला आता उजेड-अंधारही कळत नाही. तो माझ्या शेजारी घोंगडीवर बसून असतो. तिने त्याच्यापुढे भाकरी ठेवली, पाण्याचा तांब्या त्याच्या हाताला लावला. आता तो रोजच्यासारखा घोंगडीवर हात आपटील, जागा दाखवील.

"मुक्ते, आलीस व्हय? दमली आसशील. खाली बस की गं."

"बसले, मामंजी."

"बसलीस न्हवं?"

"व्हय, बसले की."

म्हाताऱ्याच्या जिवाला बरे वाटते. तो भाकरीचा तुकडा मोडतो आणि सावकाश जेवू लागतो. आणि मुक्ताबाई माझ्या काठावर, उपटलेल्या कडीच्या जागी हात टेकून, त्याचे जेवण संपेपर्यंत उभी राहते.